होडीभर काच

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय काचेबद्दल, आणि काचेच्या निमित्तानं पाण्याबद्दल.

डेल चिहुली हे अमेरिकेतले नावाजलेले काचशिल्पकार. जन्म १९४१ चा, गाव टाकोमा, समुद्राला लागून. लहानपणी किनाऱ्यावर त्यांना जपानी कोळ्यांच्या जाळ्यांचे गोळे सापडायचे. काचेचे बरं का! वरळी-वर्सोव्याला जाळ्यांना आज प्लॅस्टिकचे बोये दिसतात, तेच काम तिकडे काचेचे पोकळ गोळे करायचे.

१९८० मध्ये त्यांनी समुद्री आकारांची मालिका सुरू केली. पातळ काच, लाटेसारखी दुमडलेली कड आणि अंगभर उठलेल्या रेघा. त्या रेघा नुसत्या शोभेच्या नाहीत. तापलेली मऊ काच खाचांच्या साच्यात फुंकली की तिच्यावर उंचवटे येतात आणि पातळ काचेला बळ मिळतं. पुन्हा सांगतो, काच पातळ, पण रेघांमुळे दणकट.

आता मला आवडणारा किस्सा. साल १९९५, देश फिनलंड. नूतायार्वी नावाच्या गावात १७९३ पासूनचा काचकारखाना. व्हेनिसच्या कालव्यांवर काचेची झुंबरं टांगायची, त्यासाठी चिहुली आपली मंडळी घेऊन तिथे फुंकणीकाम करत होते. शेजारून नदी वाहते. आणि या गृहस्थांनी काय करावं? तयार झालेली काच उचलली आणि नदीत फेकायला सुरुवात केली! पाण्यावर ती कशी दिसते, तरंगते का, फुटते का, ते बघायला. आमच्या घरी कपाची दांडी मोडली तर संध्याकाळपर्यंत बोलणी बसतात, आणि इथे शिल्पकार स्वतःची शिल्पं नदीत भिरकावतोय.

भरीव काच पाण्यापेक्षा अडीचपट जड, ती बुडणारच. पण फुंकलेली काच आतून पोकळ. ती तरंगली आणि निघाली प्रवाहाबरोबर. मग गावातली पोरं लाकडी होड्या घेऊन निघाली आणि एकेक नग वेचून होडीत टाकू लागली. लाल, पिवळे, निळे, वेडेवाकडे आकार, होडी काठोकाठ भरलेली. चिहुलींनी काठावरून ते पाहिलं आणि त्यांना नवं शिल्पच सापडलं. पुढे त्यांनी ठिकठिकाणच्या बागांतल्या तळ्यांवर काचेनं भरलेल्या होड्या मांडल्या. कल्पना कुणाची? मी तर निम्मं श्रेय त्या पोरांना देतो.

भट्टीतली काच थेट पाण्यात टाकली तर तडकते, हे गृहिणींना मी काय सांगणार! म्हणून ती आधी वेगळ्या भट्टीत सावकाश निववतात. सावकाश, हे महत्त्वाचं.

१९७६ च्या मोटार अपघातात चिहुलींचा एक डोळा गेला, पुढे खांदाही निखळला. तेव्हापासून फुंकणी इतरांच्या हाती, ते रेखाटनं देतात आणि समोर उभे राहून काम करून घेतात. काहींना हे खटकतं. मला नाही. लालबाग-परळच्या गणपती कारखान्यातही माती मळणारे वेगळे, रंग मारणारे वेगळे, डोळ्यांची आखणी करणारा वेगळा. मूर्ती ओळखली जाते ती मूर्तिकाराच्या नावानं.

टाकोमात २००२ मध्ये पादचाऱ्यांसाठी एक पूल झाला. त्याच्या एका छताखालून चालताना डोक्यावर चिहुलींचे समुद्री आकार दिसतात, दोन हजारांहून जास्त. तिकीट नाही, रांग नाही. आमच्याकडे सुशोभीकरण म्हणजे झाडाच्या बुंध्याला दिव्यांच्या माळा आवळायच्या. झाडानं झोपायचं कधी?

मुंबईत अशी काचेची होडी ठेवायची तर कुठे, यावर आमच्या स्टुडिओत वाद रंगलाय. पावसाचं काचेला काही वाटत नाही. पण वादळवारं आणि खाऱ्या हवेनं चढणारी पुटं, यांचं काय? धुवायला रोज माणूस हवा. मी पवई तलाव सुचवला. आमचे ध्वनिमुद्रक म्हणाले, तिथे मगरी आहेत, काच धुवायला तुम्हीच उतरा. तेव्हा मी बाणगंगेवर आलोय. तुमची जागा पत्रानं कळवा. नमस्कार.