गप्प बसवणारं प्रथिन, बेफाम वाढणारी पेशी

कॅन्सरची गोष्ट आपण बहुतेक वेळा अशी ऐकतो: अमुक जनुक बिघडलं, कायमचं चालू राहिलं आणि पेशी वाढत सुटली. आज ज्या प्रथिनाबद्दल बोलायचं आहे, ते जनुकं चालू करतच नाही. त्याचं काम जनुकं बंद ठेवण्याचं, आणि तरीही ते लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरच्या, मुळाशी सापडतं. त्याचं नाव बीसीएल-६. त्याचं जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असतं आणि १९९३ च्या सुमारास ते हाती लागलं ते लिम्फोमाच्याच पेशींत.

जनुक वापरायचं तर आधी त्याची आरएनएमध्ये नक्कल उतरावी लागते. हेच ट्रान्स्क्रिप्शन. बीसीएल-६ ही नक्कल उतरू देत नाही. त्याच्या एका टोकाला 'झिंक फिंगर' म्हणतात त्या सहा घड्या असतात. त्या डीएनएवरचा ठरावीक क्रम हेरून तिथे चिकटतात. दुसऱ्या टोकाला बीटीबी नावाचा भाग. असे दोन रेणू जोडीने बसले, की त्यांच्या सांध्यावर एक खाच तयार होते आणि तिच्यात एनकॉर, स्मर्ट, बीकॉर ही मदतनीस प्रथिनं अडकतात. ती आपल्याबरोबर जी एन्झाइम्स आणतात, त्यांतली काही हिस्टोनवरचे, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे, अ‍ॅसिटिल गट काढून टाकतात. डीएनए आवळला जातो आणि जनुक मुकं होतं. ही खाच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हे सगळं कशासाठी? संसर्ग झाला की लसिका ग्रंथीत 'जर्मिनल सेंटर' तयार होतं. तिथे बी पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या वंशातल्या पांढऱ्या पेशी, सहा ते बारा तासांत एकदा विभागतात, आणि विभागताना आपल्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम चुका करतात. नेहमीच्या मानाने हा चुकांचा वेग सुमारे दहा लाख पट असतो. त्यातून एखादी पेशी जास्त घट्ट चिकटणारी अँटिबॉडी बनवते, ती टिकते, बाकीच्या मरतात. शरीरात दुसरीकडे कुठे डीएनएची अशी मोडतोड झाली असती, तर पेशीने तत्काळ विभाजन थांबवलं असतं, नाहीतर जीव दिला असता. इथे तसं होऊन चालत नाही. इमारतीत वेल्डिंग चालू असताना धुराचा अलार्म बंद ठेवतात ना, तसं बीसीएल-६ इथे पी-५३, एटीआर, पी-२१ ही धोक्याची दखल घेणारी जनुकं गप्प करतं. पी-५३ चा संबंध २००४ मध्ये दाखवला गेला. शिवाय ते ब्लिम्प-१ ला दाबून ठेवतं, म्हणजे पेशी प्रौढ होऊन अँटिबॉडी सोडणारी प्लाझ्मा पेशी बनत नाही, विभागतच राहते.

मला यातली खरी मेख वाटते ती बंद होण्याच्या वेळेत. काम संपलं की पेशीला संकेत मिळतात, आयआरएफ-४ नावाचं प्रथिन वाढतं आणि ते बीसीएल-६ चं जनुकच बंद करतं. त्याशिवाय बीसीएल-६ स्वतःच्या जनुकावर बसून स्वतःचंही उत्पादन मर्यादेत ठेवतं. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा या बी पेशींच्या कॅन्सरात नेमकं हे बिनसतं. साधारण तीसेक टक्के रुग्णांत गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीएल-६ दुसऱ्याच जनुकाच्या, पुष्कळदा अँटिबॉडीच्या, नियंत्रणाखाली जातं. काहींमध्ये स्वतःला आवर घालण्याची जागाच उत्परिवर्तनाने पुसली जाते. प्रथिन तेच, अगदी निर्दोष. फक्त ते जायचं नाव घेत नाही. उंदरांच्या बी पेशींत ते सतत बनत राहील अशी सोय केली, तेव्हा २००५ मध्ये त्यांना याच जातीचे लिम्फोमा झालेले दिसले.

(एक आडकथा. आरबी हेही जनुकं दाबणारंच प्रथिन, पण ते दाबतं विभाजन पुढे ढकलणारी जनुकं. म्हणून ते गेलं की कॅन्सर, आणि बीसीएल-६ राहिलं की कॅन्सर.)

मग बीसीएल-६ काढूनच टाकावं का? १९९७ मध्ये ते जनुक नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्यात जर्मिनल सेंटर बनलीच नाहीत, आणि वर हृदयाला, फुप्फुसांना तीव्र सूज आली. औषधाच्या दृष्टीने ही वाईटच बातमी. पण २०१३ मध्ये प्रथिन शाबूत ठेवून फक्त ती खाच बिघडवली, तर उंदरांत जर्मिनल सेंटर बनेनात, पण ती सूजही आली नाही. तेव्हापासून खाच बुजवणाऱ्या रेणूंना भाव आला. त्यांतलाच बीआय-३८०२ हा एक रेणू, आणि त्याने भलतंच केलं: बीसीएल-६ च्या रेणूंच्या लांब माळा झाल्या आणि पेशीने त्या कचरा म्हणून तोडून टाकल्या. २०२० मध्ये या प्रकाराचा उलगडा झाला.

तरी एक अडचण उरतेच. बीसीएल-६ ज्यांना गप्प ठेवतं, त्यांत बीसीएल-२ ही आहे, आणि ते पेशीला मरू देत नाही. दाब उठला की पी-५३ जागं होतं, तसं बीसीएल-२ ही होऊ शकतं. म्हणून ही औषधं एकटी न देता बीसीएल-२ रोखणाऱ्या औषधाबरोबर देण्याचा विचार पुढे आला. आणि ज्या गाठीत पी-५३ आधीच मोडलेलं आहे, तिथे त्याच्यावरचा दाब उठवून त्या बाजूने काही हाती लागत नाही. तिथे भिस्त ठेवावी लागते ती बीसीएल-६ ने दाबलेल्या इतर जनुकांवर.