८५ जागांचा हिशेब

मित्रहो, आधीच सांगून टाकतो, आजचा फुटबॉल मेस्सीचा नव्हे. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तो अमेरिकी विद्यापीठांतला फुटबॉल. ज्यांची मुलं मिशिगनला नाहीतर टेक्सासला एमएस करताहेत, त्यांच्या कानावर शनिवारचा तो माहोल आला असेल. अ‍ॅन आर्बरच्या स्टेडियममध्ये लाखावर माणसं बसतात. आणि खेळणारी पोरं अठरा ते बावीसची, कागदोपत्री विद्यार्थी.

त्यांना मिळायचं काय? शिष्यवृत्ती. म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं. ती किती जणांना द्यायची, हे एनसीएए ठरवायची, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांचा कारभार पाहणारी संघटना. १९७३ साली तिने फुटबॉलला १०५ची मर्यादा घातली, १९७८ला ९५ केली, आणि नव्वदच्या दशकात ८५वर आणून तीस वर्षं तिथेच ठेवली. बेसबॉलला तर ११.७ शिष्यवृत्त्या. हो, पॉइंट सात! त्यांचे तुकडे करून वीस-पंचवीस पोरांत वाटायचे.

कारण दिलं गेलं समानतेचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. बडी विद्यापीठं चांगली पोरं गोळा करून बाकावर बसवून ठेवत. आपल्याकडे खेळला नाही तरी चालेल, समोरच्याकडे जाता कामा नये. मर्यादा आल्यावर अशी काही पोरं छोट्या संघांकडे वळली. पण त्याच १९७३ साली आणखी एक नियम आला: चार वर्षांची हमी बंद, शिष्यवृत्ती दरसाल नव्याने. प्रशिक्षकाची मर्जी उतरली की पुढच्या वर्षी नाव गायब! यात कसली आली समानता?

त्याच्याही आधीची गोष्ट. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगाराच्या मृत्यूची भरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. छोट्या कॉलेजपुरतं ते त्या काळी खरंही असेल. पण २०२३ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने फुटबॉल प्रशिक्षक जिम्बो फिशरना काढलं आणि करारापोटी सात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं मान्य केलं. काम न करण्याचे! एवढा पैसा फिरतो तिथे धंदा नाही, असं कोण म्हणेल?

२०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अल्स्टन खटल्यात ९-० असा एनसीएएच्या विरुद्ध कौल दिला. प्रश्न फक्त शिक्षणाशी संबंधित लाभांचा होता, पण दार किलकिलं झालं. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीतून कमवायची मुभा मिळाली. मग जून २०२५मध्ये हाउस खटल्यात, म्हणजे खेळाडूंनीच एनसीएएवर भरलेल्या दाव्यात, तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर, आणि यापुढे विद्यापीठाला थेट खेळाडूंना पैसे देता येणार, पहिल्या वर्षी दर विद्यापीठामागे कमाल सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर.

आणि ८५? गेली. तडजोड मानणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीवर मर्यादा नाही, संघावर आहे: १०५ जण. वीस जागा वाढल्या असं वाटतं, नाही का? पण त्या देण्याची सक्ती नाही, आणि वाढीव शिष्यवृत्त्यांचे २५ लाखांपर्यंत त्याच दोन कोटींतून वजा होतात. शिवाय पूर्वी मोठ्या संघांत सव्वाशेच्या आसपास पोरं असत. वरची सगळी वॉक-ऑन, स्वतःच्या खर्चाने घाम गाळणारी. तीच आधी कापली गेली. हाउस खटल्याच्या न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी त्यापायी मंजुरी अडवून धरली, तेव्हा कुठे कापलेल्या पोरांना मर्यादेबाहेर ठेवायची सवलत निघाली. तीही विद्यापीठाची इच्छा असेल तर.

एक चिठ्ठी आली आहे: 'फुटबॉलचा पैसा खेळाडूंनी नेला तर पोहणं, कुस्ती, मुलींचे खेळ यांचं काय?' प्रश्न रास्त आहे. बड्या विद्यापीठांत या खेळांचा बराच खर्च फुटबॉल उचलतो. १९७२च्या टायटल नाइन कायद्याने मुलींना समान संधी द्यावी लागते, आणि हाउस तडजोडीतल्या भरपाईचा बहुतांश वाटा फुटबॉल-बास्केटबॉलच्या मुलांना जातो म्हणून काही महिला खेळाडू अपिलातही गेल्या आहेत. पण पोहण्याच्या तलावाचा खर्च प्रशिक्षकांच्या पगारातून का निघू नये, तो बाकावरच्या पोराच्या खिशातूनच का, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

पैसे द्यावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला खुपतं ते वेगळंच. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्येही पगारावर मर्यादा आहे, पण ती खेळाडूंच्या युनियनशी बोलणी करून ठरते. १०५ आणि दोन कोटी पाच लाख हे आकडे वकिलांनी ठरवले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंनी २०१४ साली युनियनसाठी मतदान केलं होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार मंडळाने प्रकरणात पडायलाच नकार दिला, आणि ती मतं कधी मोजलीच गेली नाहीत.