तासाला कोण बसू शकतं?

(दृश्य: केगाव, महामार्गाला लागून असलेलं विद्यापीठाचं प्रवेशद्वार)

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. २००४ पूर्वी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. मग सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, तेही एका जिल्ह्यापुरतं. मग याच जिल्ह्यातल्या एखाद्याने प्रवेश न घेता, नुसतं ऐकायला म्हणून इतिहासाच्या तासाला बसायचं म्हटलं, तर?

“फी आम्ही भरायची आणि हे फुकट बसणार?” पहिला आक्षेप हाच येतो. पण फी भरून मिळते परीक्षा, गुणपत्रिका, पदवी. नुसतं ऐकणाऱ्याच्या पदरात यातलं काहीच पडत नाही. सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर २०१७ पासून प्राध्यापकांचे तास फुकट ऐकता येतात. पैसे पडतात ते परीक्षेचे. पॅरिसचं कोलेज द फ्रान्स तर १५३० पासूनचं. तिथे नावनोंदणी नाही, फी नाही, आणि पदवीही नाही. यायचं, ऐकायचं.

प्रयोगशाळेचं मात्र वेगळं. तिथे टेबलं मोजकी आणि ॲसिडची बाटली सांडली तर जबाब कुणी द्यायचा? तिथे नाही म्हणजे नाही. कला शाखेचे मागचे बाक हजेरीची अट असूनही किती भरतात, ते प्राध्यापकांनाच विचारा.

त्यांची खरी धास्ती दुसरीच आहे. अनोळखी माणूस मोबाईल काढून बसला की शिकवणारा जपून बोलतो, मुलं शंका विचारायला बिचकतात. ही धास्ती खोटी नाही. म्हणून प्राध्यापकांची संमती हवी, कार्यालयात नाव हवं, रेकॉर्डिंग बंद हवं. जर्मनीतल्या विद्यापीठांत असे पाहुणे श्रोते नाव नोंदवून, थोडी फी भरून बसतातच.

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी, यंत्रमागांचा खडखडाट)

पण परवानगी दिली म्हणून इथलं कोण केगावला जाणार? पूर्व भाग शहराच्या या टोकाला, विद्यापीठ त्या टोकाला. तास भरदिवसा, त्या वेळी यंत्रमाग कामगार पाळीवर आणि बायका विड्या वळायला बसलेल्या. फाटकावर ‘सर्वांना प्रवेश’ अशी पाटी लावली, तरी येणार ते निवृत्त साहेबच. येऊ देत, त्यांनाही हक्क आहे.

म्हणून सुरुवात शहरातल्या महाविद्यालयांतून व्हावी. दयानंद १९४० पासून उभं आहे, संगमेश्वर आहे. आठवड्यातून दोन तास संध्याकाळी ठेवावेत, पाटी मराठीत आणि पूर्व भागात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या तेलुगूतही लावावी. शिपायाच्या जादा वेळेचे पैसे आणि विजेचं बिल कुणी भरायचं, हे मात्र विद्यापीठाने आधी ठरवावं. नाहीतर फाईल तिथेच अडेल.