अंदाज आजचा नको, पूर्ण ट्रिपचा घ्या

मंडळी, सुरुवात २०१७ पासून करतो, कारण त्या वर्षी जे झालं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेजवळ एक डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीचं कमी दाबाचं क्षेत्र, तयार झालं आणि ३० तारखेच्या सकाळी त्याचं चक्रीवादळ झालेलं होतं, ओखी. मधे जेमतेम एक दिवस. आणि त्याच्या आधीच कन्याकुमारी, तिरुवनंतपुरम त्या बाजूच्या कितीतरी बोटी आठ-दहा दिवसांच्या ट्रिपला निघून गेलेल्या, आता त्यांना सांगणार कोण आणि कसं, मोबाईलची रेंज किनारा सोडला की थोड्याच वेळात जाते, बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ फार तर वीस-पंचवीस सागरी मैल पोचतो, आणि ही माणसं त्याच्या कितीतरी पलीकडे. शेकडो जण गेले. काही बोटी मात्र उत्तरेला पळत आल्या आणि आपल्या देवगडला शिरल्या, केरळ-तामिळनाडूच्या मिळून ६८ बोटी, साडेनऊशेच्या वर माणसं. म्हणजे वाचलेल्यांना आपल्या कोकणाने आसरा दिला.

त्यातून मी एकच गोष्ट शिकलो आणि आज तीच सांगायला आलोय. आपण जेट्टीवर उभं राहून विचारतो, आज कसं आहे? आज चांगलंच असतं, म्हणून तर आपण निघायला उभे असतो. विचारायचं असतं की ज्या दिवशी मी परत येणार त्या दिवशी कसं आहे. हवामान खातं मच्छीमारांसाठी जो इशारा देतं तो पाच दिवसांचा असतो, तुमची ट्रिप आठ दिवसांची असली तर शेवटचे तीन दिवस तुम्ही अंदाजाशिवाय समुद्रात आहात, हे निघतानाच डोक्यात ठेवा. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे, दर गुरुवारी हवामान खातं पुढच्या दोन आठवड्यांत अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात काही तयार होण्याची शक्यता किती, ते जाहीर करतं. त्यात तारीख-वेळ नसते, नुसती शक्यता असते, पण एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या दोन मोसमांत तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, गुरुवारचं ते पत्रक बघितल्याशिवाय बर्फ भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपला समुद्र उष्ण कटिबंधातला, त्याची एक वेगळी खोड आहे. युरोपच्या बाजूला जहाज असलं की बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारं यंत्र, सारखा वर-खाली होत असतो, तिथे कोणी दचकत नाही. आपल्याकडे तो जवळजवळ घड्याळासारखा चालतो, सकाळी दहाला आणि रात्री दहाला वर, पहाटे चारला आणि दुपारी चारला खाली, आणि फरक दोन-तीन मिलिबारचा. म्हणून दुपारी तो खाली आला म्हणून घाबरायचं नाही, कालच्या त्याच वेळेशी ताडून बघायचं. नेहमीपेक्षा तीन मिलिबार कमी दिसला तर संशय घ्या, पाच कमी दिसला तर वादळ जवळपास आहे असं धरूनच चाला. जहाजावर आम्हाला हेच शिकवलेलं आणि मी तीस वर्षं हेच केलं.

दुसरं म्हणजे लाटेचा आकडा. अंदाजात लिहितात लाटा ३ मीटर, आणि आपण समजतो की जास्तीत जास्त ३ मीटर. तसं नाहीये हो! तो आकडा म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, अधूनमधून एखादी लाट त्याच्या दुप्पट, म्हणजे ६ मीटरची पण येते आणि ती सांगून येत नाही. वाऱ्याचंही तेच. 'ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५' असं लिहिलेलं असतं, आपण ४५ लक्षात ठेवतो, पण बोट आडवी करतो तो झोत. वाऱ्याचा वेग दीडपट झाला की त्याचा जोर सव्वादोन पट होतो, त्यामुळे ४० आणि ६० मधला फरक वीसचा आहे असं समजू नका.

आणि मग स्वेल, म्हणजे लांबून चालत आलेली लाट. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण ह्याने फसवलेली माणसं मी बघितलीत. मे महिन्यातली सकाळ, वारा पडलेला, पाणी तेलासारखं, आणि तरी बोट सावकाश उचलली जातेय आणि खाली येतेय. ही लाट इथल्या वाऱ्याची नाहीच. ती पार दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या अलीकडे जो वादळी पट्टा आहे तिथे तयार झालेली असते आणि सात-आठ हजार किलोमीटर चालून पाच-सहा दिवसांनी आपल्याकडे पोचते. दोन लाटांमधलं अंतर वेळेत मोजा, पंधरा-अठरा सेकंद भरलं तर ती लांबून आलेली आहे. खोल पाण्यात ती काही करत नाही, पण खाडीच्या तोंडावर, वाळूच्या दांड्यावर पाणी उथळ झालं की तीच लाट उभी राहते आणि फुटते, आणि त्यात अमावस्या-पौर्णिमेचं उधाण असलं तर पाणी थेट किनाऱ्यावरच्या घरात. केरळात ह्याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची इन्कॉईस संस्था ह्याचा इशारा आधी देते, पण वर ऊन पडलंय म्हटल्यावर त्या इशाऱ्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. कृपा करून ठेवा. बोटी वर ओढा, एकमेकींना घासू देऊ नका, पोरांना पाण्यात सोडू नका.

निसर्ग वादळाचं विचाराल, तर ३ जून २०२० ला ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. सगळ्या टीव्हीवर मुंबई मुंबई चाललेलं आणि तडाखा बसला श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोलीला. का? आपल्या अर्ध्या गोलात, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेला, वादळाच्या चालीच्या उजव्या हाताला वारा जास्त असतो, कारण वादळाचा स्वतःचा वेग त्यात मिळवला जातो. ते ईशान्येकडे चाललेलं, म्हणजे उजवा हात आपला आणि डावा मुंबईचा. तेव्हा नुसतं 'कुठे धडकणार' विचारू नका, आपण कोणत्या हाताला आहोत ते बघा. समुद्रात असलात तर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, वादळाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असतं. ह्याला मोबाईल लागत नाही.

हे सगळे अंदाज येतात कुठून? उपग्रह आहेत, ओशनसॅटसारखे, पाण्याचा खडबडीतपणा रडारने बघून वारा किती ते काढतात. जहाजं आहेत, आम्ही दर सहा तासांनी वारा, दाब, लाट लिहून पाठवायचो, आपल्या वेळेने साडेपाच, साडेअकरा असं. आणि समुद्रात नांगरलेले बोये आहेत, म्हणजे वारा-लाटा मोजणारी तरंगती यंत्रं. आता हे बोलणं कडू लागेल पण बोलतो, त्या बोयाखाली मासा जमतो म्हणून त्याला बोट बांधतात, जाळं अडकलं की दोर कापतात, त्याचे तुकडे काढून नेतात. तो बोया गेला की तिथलं मोजमाप थांबतं, आणि पुढच्या वादळात सगळ्यात आधी गरज तुम्हालाच असते.

ओखीनंतर २०१९ मध्ये जेमिनी नावाचं यंत्र आलं, रेंज नसलेल्या ठिकाणी उपग्रहावरून इशारा घेतं आणि ब्लूटूथने तुमच्या फोनवर देतं, पण त्यातून उलट काही सांगता येत नाही. नंतर ट्रान्सपॉन्डर आले, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात एक लाख बोटींवर बसवायची योजना सुरू झाली, त्यात दोन्ही बाजूंनी निरोप देता येतो, अडचणीत असलात तर कळवता येतं. ज्यांच्या बोटीवर बसलाय त्यांनी तो चालू ठेवा. आपली मासे मिळायची जागा दुसऱ्याला कळेल म्हणून काही जण बंद करतात असं कानावर येतं. नका करू, घरी माणसं वाट बघत असतात.

बरं, बॅरोमीटर मी बरोबर आणलाय, हा टेबलावर ठेवतो. आता पावणेदहा झालेत, तो वरच्या टोकाला असणार. एकेक जण येऊन वाचा, वहीत लिहा, आणि उद्या ह्याच वेळेला परत बघायला या.