डेकवर टेकण्याच्या तीन तऱ्हा : नौदलाचं ३०० स्क्वाड्रन

[दृश्य : दाबोळीची धावपट्टी. अलीकडे प्रवासी विमान, पलीकडे राखाडी मिग.]

गोव्याला विमानाने गेला असाल, तर दाबोळीला उतरताना खिडकीतून ही राखाडी विमानं कदाचित तुम्हीही पाहिली असतील. धावपट्टी एकच, प्रवाशांची आणि नौदलाचीही. हा आयएनएस हंसा तळ. आणि झेप घेणाऱ्या पांढऱ्या वाघाचं हे चिन्ह आहे आयएनएएस ३०० या नौदलाच्या लढाऊ विमानतुकडीचं, म्हणजे व्हाइट टायगर्सचं.

जुलै १९६०मध्ये वेल्समधल्या ब्रॉडी तळावर हे स्क्वाड्रन उभं राहिलं. तेव्हापासून तीन जातींची विमानं आणि चार जहाजं झाली. लढाऊ विमान म्हटलं की आपण वेग विचारतो, क्षेपणास्त्रं मोजतो. जहाजावरच्या माणसाला आधी दुसरंच विचारायचं असतं : हे उठणार कसं, आणि परत टेकणार कसं?

[दृश्य : बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय. सी हॉक. कॅमेरा पंखाच्या मुळाशी.]

हा सी हॉक, स्क्वाड्रनचं पहिलं विमान. याच्या शेपटीखाली इंजिनाचं तोंड शोधू नका, सापडणार नाही. नीन इंजिनाची नळी आतच दुभंगते आणि झोत दोन्ही पंखांच्या मुळाशी, मागच्या बाजूने बाहेर पडतो. त्यामुळे धडाचा मागचा भाग मोकळा राहतो आणि तिथे इंधनाची टाकी बसते. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा. पंख पसरले की ३९ फूट, वर दुमडले की १३ फूट ४ इंच. हँगरमध्ये जागा इंचाइंचाने मोजतात, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

[दृश्य : जुनं कृष्णधवल चित्रण. विक्रांतचा डेक, वाफ.]

ही पहिली विक्रांत, आपली पहिली विमानवाहू नौका. ४ मार्च १९६१ला बेलफास्टमध्ये नौदलात आली. १८ मेला तिच्यावर पहिलं जेट उतरवलं लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

आता डेकवरची ही माणसं नीट बघा. विमान कॅटपल्टच्या, म्हणजे वाफेच्या जोरावर विमान पुढे फेकणाऱ्या यंत्राच्या खाचेवर आणून उभं केलंय. पोटाखालच्या हुकांत पोलादी तारेचा फास अडकवलाय आणि तो खाचेतल्या सरकत्या ठोकळ्याला गुंतवलाय. मागून विमान धरून ठेवायला होल्डबॅक, आणि त्यात मुद्दाम कमकुवत ठेवलेला एक तुकडा. वैमानिक इंजिन पूर्ण ताकदीला नेतो, तरी विमान जागचं हलत नाही. झेंडा खाली येतो, वाफ सुटते, तो तुकडा तुटतो आणि विमान निघतं. फास समुद्रात पडतो. वाफेचा दाब कमी भरला, तर टोकाशी पोचेपर्यंत हवा तेवढा वेग येत नाही, आणि पुढे पाणीच असतं. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी विमानाचं वजन आणि डेकवरचा वारा बघून दाब नव्याने ठरवायचा.

परतताना शेपटीखालचा हुक खाली सोडायचा, डेकवरच्या आरशात दिसणाऱ्या दिव्यावर नजर ठेवून उतरायचं आणि डेकवरच्या आडव्या तारांपैकी एक पकडायची. तार ओढली जाते, डेकखालची हायड्रॉलिक यंत्रणा तो धक्का गिळते.

आता १९७१. विक्रांतच्या बॉयलरला तडे गेले होते, जहाजाचा वेग घटला होता. जहाज ढकलणाऱ्या पंख्याला लागते तीच वाफ कॅटपल्टलाही लागते. शिवाय जहाज जितकं जोरात जाईल, तितका डेकवर समोरचा वारा जास्त. म्हणजे एका तड्याने दोन्हीकडून कोंडी. अशा जहाजावरून सी हॉक उडवले गेले, कारण विमान हलकं होतं आणि डेकवरच्या माणसांचं गणित पक्कं होतं. ४ डिसेंबरला आठ सी हॉकनी कॉक्स बझारवर हल्ला केला, त्यानंतर चितगाव. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं.

[दृश्य : सी हॅरियर विराटच्या बाजूला हवेत स्थिर. आवाज चढवा. दहा सेकंद निवेदन नाही.]

१६ डिसेंबर १९८३ला पहिले तीन सी हॅरियर इंग्लंडहून दाबोळीला पोचले. चारच दिवसांनी अरुण प्रकाश यांनी हॅरियर विक्रांतवर उतरवलं. (नौदलप्रमुखपदी पोचलेले या स्क्वाड्रनचे हे आणखी एक वैमानिक.)

इथे हुक नाही, तार नाही, कॅटपल्टही नाही. आहे ते एक पेगासस इंजिन आणि त्याची चार फिरती तोंडं. पुढची दोन पंख्याची गार हवा फेकतात, मागची दोन गरम झोत. कॉकपिटमध्ये थ्रॉटलच्या शेजारीच आणखी एक दांडा असतो. तो ओढला की चारही तोंडं एकदम फिरतात : मागे, खाली, आणि खालीच्याही जरा पुढे, ब्रेकसारखी.

उठताना विमान डेकवरून धावतं, तोंडं मागे. टोकाला डेक वर वळलेला असतो, त्याला स्की-जंप म्हणतात. विराट या आपल्या दुसऱ्या विमानवाहू नौकेवर तो १२ अंशांचा होता. तिथे पोचताच दांडा आधी लावून ठेवलेल्या खुणेपर्यंत ओढायचा. पुढचे काही क्षण अर्धं वजन पंखांवर, अर्धं झोतावर.

[दृश्य : विमान आडवं सरकत डेकवर येतं. विंडस्क्रीनपुढच्या छोट्या पात्यावर क्लोज-अप.]

उतरताना आधी जहाजाच्या डाव्या बाजूला, जहाजाच्याच वेगाने तरंगत राहायचं. मग आडवं सरकत डेकवर यायचं आणि खाली बसायचं. पंखांवर हवा वाहत नाही, त्यामुळे नेहमीची सुकाणूपाती कामाची नाहीत. नाक, शेपूट आणि पंखांची टोकं इथल्या छोट्या छिद्रांतून इंजिनाची दाबाची हवा सोडून तोल राखायचा.

काचेपुढचं हे बोटभर पातं दिसतंय? वारा कुठून येतोय ते हे सांगतं. तरंगताना विमान वाऱ्याला तिरकं झालं, तर इंजिनाच्या तोंडात शिरणारी हवाच त्याला आणखी तिरकं ढकलते. ठरावीक मर्यादेपलीकडे ते कलंडतं, आणि मग सावरायला उंची उरलेली नसते. कोट्यवधींच्या विमानात वैमानिकाची नजर देवळावरच्या पताकेसारख्या या पात्यावर खिळलेली असते.

दुसरा शत्रू म्हणजे उकाडा. हवा तापली की विरळ होते आणि इंजिनाचा जोर घटतो. पेगाससची रचना झाली इंग्लंडच्या गारठ्यात, नोकरी करायची अरबी समुद्रावर मे महिन्यात. त्यावर उपाय पाण्याचा. सुमारे २२५ लिटर क्षारमुक्त पाणी टाकीत असतं. ते इंजिनात फवारलं की टर्बाइन थंड राहतं आणि जोर वाढवता येतो. साधं पाणी चालत नाही, क्षार टर्बाइनच्या पात्यांवर चिकटतात. आणि हे पाणी पुरतं जेमतेम दीड मिनिट. तेवढ्यात चाकं डेकला लागली पाहिजेत.

[दृश्य : हँगर. क्रेन. धडावेगळा पंख.]

आमच्याकडचं सगळ्यात आवडतं चित्रण हे. हॅरियरचं इंजिन काढायचं, तर आधी पंख काढावा लागतो. दोन वेगळे पंख नाहीत, अखंड एकच तुकडा. धड घोड्यांवर टेकवायचं, पंखातल्या टाक्या रिकाम्या करायच्या, इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या नळ्या, तारा, नियंत्रणाचे दांडे एकेक सोडवायचे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधायची. मग पंख क्रेनने सरळ वर. इंजिनही वरूनच निघतं. जोडताना हेच उलट्या क्रमाने, आणि शेवटी प्रत्येक सांध्याला गळती आहे का, त्याची तपासणी. हेलकावणाऱ्या जहाजाच्या पोटात टांगलेला पंख इंचभर जरी झुलला, तरी खालच्या नळ्या चेपतात. म्हणून चारही कोपऱ्यांवर एकेक जण हाताने तो धरून असतो.

खाऱ्या हवेचा त्रास वेगळाच. सी हॅरियरच्या इंजिनात मॅग्नेशियमच्या ओतीव भागांऐवजी ॲल्युमिनियमचे भाग घातले ते त्यासाठीच. पुढे इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्रं आली. नौदलाने घेतलेल्या सुमारे ३० हॅरियरपैकी अर्ध्याहून अधिक अपघातांत गेली, वैमानिकही गेले.

[दृश्य : ११ मे २०१६, हंसा. हॅरियरवर पाण्याचे फवारे.]

११ मे २०१६ला हॅरियर निवृत्त झालं आणि त्याच दिवशी वाघाचं चिन्ह मिग-२९केकडे आलं.

[दृश्य : विक्रमादित्यचा डेक. मिग, आफ्टरबर्नर.]

पुन्हा हुक, पुन्हा तार. कॅटपल्ट मात्र परतला नाही. चाकांपुढे डेकमधून अडसर वर येतात, मागे झोत अडवायची पोलादी फळी उभी राहते. दोन्ही इंजिनं आफ्टरबर्नरला गेली, म्हणजे झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवला, की अडसर खाली, आणि विमान स्वतःच्या जोरावर स्की-जंपकडे. इथला उतार १४ अंशांहून जरा जास्त.

उतरताना तारा तीन. चाकं टेकताक्षणी वैमानिक इंजिन कमी करत नाही, पूर्ण ताकद देतो. तार हुकली, तर पुन्हा उडता यायला हवं. हुकात तार आली, की दोन-तीन सेकंदांत सगळं थांबतं. तो हिसका विमानाच्या प्रत्येक खिळ्याला बसतो. महालेखापरीक्षकांच्या २०१६च्या अहवालात इंजिनांचे दोष आणि उड्डाणयोग्य विमानांची कमतरता यांवर कडक ताशेरे आहेत.

[दृश्य : हंसा. जमिनीवर बांधलेला स्की-जंप, मागे ताडमाड आणि समुद्र.]

जहाजावर जाण्याआधीचा सराव इथे होतो. गोव्याच्या जमिनीवर बांधलेला हा डेकचा तुकडा : स्की-जंप आहे, तारा आहेत, दिवे आहेत, फक्त हेलकावे नाहीत. जानेवारी २०२२मध्ये याच उतारावरून फ्रान्सचं राफेल एम उडवून पाहिलं गेलं, आणि एप्रिल २०२५मध्ये तशा २६ विमानांचा करार झाला. कॅटपल्टसाठी घडवलेलं ते विमान. त्याचे पंख दुमडत नाहीत, म्हणजे हँगरमधला इंचांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

[दृश्य : विक्रांत, पहाट. डेकवर माणसांची रांग.]

ही नवी विक्रांत. आजची उड्डाणं सुरू व्हायला अजून अवकाश आहे. डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खांद्याला खांदा लावून माणसं चालतायत, मान खाली. एखादा स्क्रू, तारेचा तुकडा, दगडाची कपची जे सापडेल ते उचलायचं आणि कमरेच्या पिशवीत टाकायचं. इंजिनाने ओढून घेतलं, तर पाती जातात.

[दृश्य : हाताच्या तळव्यावर एक वॉशर. तिथेच थांबा.]