उंदराचे कोलेस्टेरॉल उतरले, पण चढवले कसे होते?

अमुक वनस्पतीच्या अर्काने उंदरांचे कोलेस्टेरॉल उतरले, असे वाचले की आधी ते चढवले कसे होते ते बघा. निम्मे उत्तर तिथेच असते.

नुसते कोलेस्टेरॉल चारून उंदीर (इथे मोठा उंदीर, म्हणजे रॅट) फारसा बधत नाही. त्याच्या रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये (‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलमध्ये) असते, ते एलडीएलकडे (‘वाईट’ कोलेस्टेरॉलकडे) वळवणारे सीईटीपी हे प्रथिन त्याच्याकडे नसते आणि जादा कोलेस्टेरॉलचे पित्ताम्ल (पित्तातले आम्ल) करून तो बाहेर टाकतो. म्हणून खाद्यात 1 ते 2 टक्के कोलेस्टेरॉलबरोबर सुमारे 0.5 टक्के कोलिक आम्ल हे पित्ताम्ल घालतात. त्याने शोषण वाढते आणि यकृतात पित्ताम्ल बनणे दबते. आता सॅपोनिन (वनस्पतींतले फेस करणारे द्रव्य) भरपूर असलेला अर्क दिला, तर तो आतड्यात हे घातलेले आम्लच बांधून टाकू शकतो. आकडा उतरतो, माणसाच्या आजाराबद्दल मात्र त्यातून फार थोडे कळते. ट्रायटन या साबणासारख्या रसायनाचे इंजेक्शन दिले तर चरबी रक्तातून हलणेच थांबते आणि 24 तासांत आकडा चढतो. उपाशी उंदरावरच्या या चाचणीत आतड्यातले शोषण रोखणाऱ्या औषधाला काम दाखवायला वावच नसतो.

सशाचे तसे नाही. 1913 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये अनिच्कोव यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल सशांना चारले आणि त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर दिसले. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी 1966 मध्ये गुग्गुळ (एका झाडाचा औषधी डिंक) तपासला तोही सशांवरच, आणि परिणाम स्पष्ट होता. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतून गुगुलिपिड हे गुग्गुळाच्या अर्काचे औषध आले. पण 2003 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुगुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल थोडे वाढले, काहींना अंगावर पुरळही उठले. उलट गोष्ट स्टॅटिनची, म्हणजे शरीरात कोलेस्टेरॉल बनणे रोखणाऱ्या औषधांची. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांच्या कॉम्पॅक्टिन या पहिल्या स्टॅटिनने उंदरांत काहीच केले नाही, कारण त्याने अडवलेले कोलेस्टेरॉल बनवणारे विकर (एन्झाइम) उंदराच्या यकृताने कित्येक पटींनी जास्त बनवले. कोंबड्या आणि कुत्र्यांत आकडा उतरला म्हणून ते औषध वाचले. सशावर यशस्वी ठरलेले औषध माणसात अडते आणि उंदरावर नापास झालेले पुढे जाते, हे दोन्ही घडलेले आहे.

आता प्रयोग करणाऱ्यासाठी हाताचे काम. कोलेस्टेरॉल कोमट तेलात विरघळवून मगच खाद्यात कालवा. कोरडी पूड सगळीकडे सारखी पसरत नाही. तेल खवट होते, म्हणून खाद्य थोडे थोडे करून फ्रिजमध्ये ठेवा. कडू अर्क खाद्यात मिसळू नका, प्राणी कमी खातो आणि आकडा उपासमारीने उतरतो. अर्क 0.5 टक्के सीएमसीच्या (पाणी दाट करणाऱ्या पुडीच्या) द्रावणात घोटून नळीने पोटात द्या, एका वेळी किलोमागे 10 मिलीपेक्षा जास्त नको, आणि उरलेले खाद्य रोज तोला. गट पाडायचे ते कोलेस्टेरॉल चढल्यावर, प्रत्येक गटाची सरासरी जवळपास सारखी येईल असे. माणसाची मात्रा उंदरासाठी किलोमागे सुमारे 6.2 पट धरतात: 60 किलोच्या माणसाला 10 मिलिग्रॅम ॲटोर्व्हास्टॅटिन (एक स्टॅटिन), तर उंदराला किलोमागे साधारण 1 मिलिग्रॅम. तुलनेच्या गटाला याच्या कित्येक पट देऊन ‘अर्क औषधाइतकाच चांगला’ म्हणण्याला अर्थ नाही. आणि एलडीएल ट्रायग्लिसराइडला (रक्तातल्या चरबीला) 5 ने भागणाऱ्या सूत्राने काढू नका. ते माणसाच्या रक्तावर बसवलेले आहे. उंदराच्या रक्तातले घटक वेगळे करूनच मोजा.