न घडलेल्या चुका

श्रोतेहो, नमस्कार.

'टॉय स्टोरी २' हा जिवंत खेळण्यांच्या गोष्टीचा अ‍ॅनिमेशनपट नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागला आणि नाताळच्या सुमारास त्याच्या श्रेयनामावलीला एक नवे शेपूट जोडण्यात आले. त्या शेपटात चित्रीकरणाच्या वेळी फसलेले टेक होते. बटाट्याच्या बाहुल्याची बायको नवऱ्याला प्रवासाला धाडताना त्याच्या पाठीमागच्या खणात एकेक वस्तू भरू लागते आणि प्रसंग संपायची वेळ टळून गेली तरी कोंबतच राहते, अशा धर्तीचे हे तुकडे होते. पुढे हा चित्रपट घरी पाहण्यासाठी डिस्कवर आला, तेव्हा मुलांनी मूळ गोष्टीइतकेच प्रेम या शेपटावर केले.

हाडामांसाच्या नटांच्या चित्रपटात असे तुकडे आपोआप साचतात. संकलकाने कापून टाकलेल्यातलेच ते वेचलेले असतात. इथे मात्र सेट नव्हता, नट नव्हते आणि कॅमेराही केवळ संगणकातल्या हिशेबापुरताच होता. संगणकातली बाहुली संवाद विसरत नाही, अडखळत नाही, अवेळी हसत नाही. तिला अडखळवायचे असेल, तर आवाज देणाऱ्या कलाकाराला मुद्दाम अडखळून ध्वनिमुद्रण करावे लागते, आणि मग सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने तिच्या पापण्या, हात, सावली सारे बसवावे लागते. म्हणजे जी चूक कधी घडलीच नाही, ती घडल्यासारखी दिसावी म्हणून निगुतीने कष्ट घ्यायचे. मला या खटाटोपाचे नेहमीच कौतुक वाटत आले आहे, कारण तो प्रेक्षकाला एवढेच सांगतो की ही खेळणी खरोखरीची नटमंडळी आहेत.

खरी चूक घडली होती ती १९९८ साली, आणि तिचे चित्रीकरण करायला तिथे कोणी नव्हते.

त्याआधी या उत्तरभागाची जन्मकथा थोडक्यात सांगायला हवी. डिस्नेने १९९४ साली 'अलादीन'चा पुढचा भाग चित्रपटगृहात न लावता थेट व्हिडिओ कॅसेटवर विकला आणि तो धंदा भरभराटीला आला. 'टॉय स्टोरी २'ची आखणीही त्याच वाटेने, कमी खर्चातला घरगुती चित्रपट म्हणून झाली होती. काम रंगत गेले, तसा तो चित्रपटगृहातच लावावा असे ठरले. कॅलिफोर्नियातील पॉइंट रिचमंड येथे, डिस्नेसाठी हा चित्रपट बनवणाऱ्या पिक्सार कंपनीच्या कचेरीत हे काम चालू असताना एके दिवशी कोणीतरी संगणकाला 'आर एम' ही फाइली पुसण्याची आज्ञा चुकीच्या ठिकाणी दिली. तांत्रिक विभागातील ओरेन जेकब यांच्या डोळ्यांदेखत आधी चित्रपटाचा नायक असलेल्या वूडी या काउबॉय बाहुल्याची टोपी नाहीशी झाली, मग त्याचे बूट, आणि मग सबंध वूडीच. यंत्राची वायर उपटा, असा निरोप फोनवरून जाईपर्यंत चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला होता. राखीव प्रती असतील म्हणून मंडळींनी धीर धरला. पण प्रती घेण्याची यंत्रणा काही आठवडे नीट चालतच नव्हती, हे त्यानंतर उमगले.

चित्रपट वाचला तो एका तान्ह्या बाळामुळे, असे म्हटले तरी चालेल. तांत्रिक दिग्दर्शनाची जबाबदारी असलेल्या गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या आणि त्यासाठी चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर वेळोवेळी उतरवली जात असे. जेकब आणि सुसमन मोटारीने तिथे गेले, संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून मागच्या आसनावर ठेवला, त्याला पट्टा बांधला आणि गाडी हळूहळू हाकत परत आणली. हा सारा प्रसंग २०१० च्या ब्लू-रे आवृत्तीत 'स्टुडिओ स्टोरीज' या मथळ्याखालील जेमतेम काही मिनिटांच्या चित्रफितीत आहे. गंमत अशी की अ‍ॅनिमेशनची एवढी आयुधे हाताशी असलेल्या कंपनीने तो साध्या रेखाचित्रांतून, हकिगत सांगणाऱ्यांच्याच आवाजात दाखवला आहे. खोट्या चुकांना पूर्ण साजशृंगार आणि खऱ्या चुकीला चार रेघा, ही निवड मला फार योग्य वाटते. टोपी आणि बूट नाहीसे होण्याची धडकी त्या चार रेघांतूनच अंगावर येते.

या हकिगतीला एक पुढचा भागही आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. इतक्या जिवापाड वाचवलेल्या त्या चित्रपटाची कथा पुढे निर्मात्यांनाच पुरेशी वाटली नाही. दिग्दर्शक जॉन लॅसेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जवळजवळ मुळापासून नव्याने रचली आणि प्रदर्शनाची तारीख न हलवता सुमारे नऊ महिन्यांत पुरी केली. त्या धावपळीत अनेकांची मनगटे आणि बोटे सततच्या ताणाने दुखावली. जेसी नावाच्या बाहुलीला तिची मालकीण मोठी झाल्यावर टाकून देते, तो गाण्यातून उलगडणारा प्रसंग मी पुन्हा पाहतो तेव्हा ही मनगटे मला आठवतात. ते गाणे रँडी न्यूमन यांचे आहे आणि सारा मॅक्लॉक्लन यांनी गायले आहे.

आता तिसऱ्या प्रकारच्या चुकीकडे वळतो. फसलेल्या टेकच्या त्या शेपटात एक तुकडा पीट या खलनायकाचा होता. आपल्या खोक्यात बसून तो दोन बार्बी बाहुल्यांशी लगट करतो आणि पुढच्या भागात भूमिका मिळवून देण्याचे आमिष दाखवतो. चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या छळाविरुद्ध जगभर आवाज उठल्यानंतर हा विनोद कोणालाच विनोद वाटेना, आणि २०१९ साली निघालेल्या घरगुती आवृत्तीतून तो गाजावाजा न करता काढून टाकण्यात आला. तो मुलांच्या चित्रपटात मुळात यायलाच नको होता, असे माझे मत आहे. पण तो गुपचूप गेला, हे मात्र मला खटकते. मुद्दाम घडवलेली ती चूक बनवणाऱ्यांच्या हातून झालेली खरी चूक ठरली होती, आणि तसे सांगणारी दोन मिनिटांची चित्रफीत त्याच डिस्कवर सहज मावली असती.

याच चित्रपटात एक म्हातारा कारागीर वूडीला दुरुस्त करायला येतो. फाटलेला हात तो शिवतो, डोळे पुसतो आणि शेवटी बुटाच्या तळव्यावर लिहिलेले अँडी हे त्याच्या छोट्या मालकाचे नाव रंगाने झाकून टाकतो. वूडी अगदी नवा कोरा दिसू लागतो. पुढे केव्हातरी वूडी तो रंग आपल्या हाताने खरवडतो, तेव्हा खालची अक्षरे तशीच असतात.

ज्यांच्याजवळ जुनी डीव्हीडी आहे, त्यांनी नावे सरकू लागल्यावर ती लगेच बंद करू नये. तिथे पीट अजून त्या खोक्यातच बसलेला आहे, आणि कॅमेरा चालू असल्याचे ध्यानात येताच दचकून सावरून बसतो.

नमस्कार.